परसदारी शिकावयाचे द्रव्यगुण

आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस आमच्या पिढीतील प्रत्येक वैद्यास स्मरत असेल. लांब टेबलावर क्रमांक लावलेल्या काचेच्या बशा, त्यांत सालींचे तुकडे, वाळकी मुळे, बिया आणि शेजारी कागदावर चिकटवून ठेवलेली, तपकिरी पडलेली पाने. एकेका बशीपुढे मिनिटभर थांबावयाचे, नाव लिहावयाचे आणि पुढे सरकावयाचे. वर्षानुवर्षे तेच नमुने मांडले जात असल्याने बशीच्या काठावरील ओरखड्यावरून आतील द्रव्य ओळखणारे विद्यार्थीही आमच्यात होते. त्या परीक्षेत आम्हांस चांगले गुण मिळाले. तरीही पदवी हाती आल्यानंतर कित्येक वर्षे पांढरा कुडा आणि काळा कुडा यांतील भेद आम्हांस झाडावरून सांगता येत नव्हता, ही गोष्ट आज या पृष्ठांवरून कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. वाटतो तो खेद. आणि त्या खेदातूनच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आमचे चिकित्सालय रोहे तालुक्यात, कुंडलिकेच्या काठावरील कोलाड येथे आहे. येथला पाऊस वैद्याला उसंत देत नाही. आषाढ लागला की अतिसार, प्रवाहिका आणि अग्निमांद्य यांचे रुग्ण दारात उभे राहतात, आणि मग कुटजाशिवाय आमचे पान हलत नाही. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका पावसाळ्यात कुड्याच्या सालीचा काढा देऊनही रुग्णांस अपेक्षित उपशय मिळेना. प्रारंभी आम्ही रुग्णांच्या पथ्याकडे बोट दाखविले, नंतर विहिरींच्या पाण्याकडे, आणि शेवटी मात्रेकडे. सालीकडे मात्र पाहिले नाही. साल आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडून आली होती, पोत्यावर नाव होते, पावतीवर नाव होते. संशयास जागा कोठली?

त्या दिवसांत शेवळे, कंटोली, टाकळा अशा रानभाज्या घेऊन एक वृद्ध कातकरी बाई आमच्या दारी येत असत. ओटीवर सुपात वाळत घातलेल्या सालीचा एक तुकडा त्यांनी उचलला, दातांखाली धरला आणि बाजूस थुंकून त्या म्हणाल्या, "डाक्टर, यो काला कुडा हाय. पोटाला लागतो त्यो कडू, त्यो न्हाय यो." आम्ही तोच तुकडा चघळून पाहिला. तिक्त रस होता, परंतु कुटजाची ती जिभेवर तासभर रेंगाळणारी कडवट चव नव्हती. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी त्या दोन्ही झाडांच्या फांद्या घेऊन आल्या. त्या फांद्या आणि सालीचा नमुना आम्ही एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे पाठविला. सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षणानंतर त्यांनी बाईंचे म्हणणे खरे ठरविले. ज्या निर्णयास आम्हांस दोन महिने आणि एका प्रयोगशाळेची आवश्यकता भासली, तो त्या बाईंनी दातांखाली एका क्षणात दिला होता.

दोष व्यापाऱ्याचा खरा. परंतु अर्धा दोष आमचा होता. रसपरीक्षा ही आपल्या शास्त्रातील पहिली परीक्षा. ती आम्ही केली नाही, कारण द्रव्य 'ओळखीचे' होते.

शास्त्राने सांगितलेले अर्धे वाक्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात औषधी वनस्पतींच्या ज्ञानाविषयी जे म्हटले आहे ते आपण सर्वांनी पाठ केले आहे. रानात वावरणारे अजपाल, मेंढपाळ, गोपाल आणि अन्य वनवासी लोक औषधींना नामाने व रूपाने जाणतात, असे आचार्य सांगतात. आणि केवळ नामरूपाच्या ज्ञानाने औषधींचा खरा उपयोग कळत नाही, योग जाणणारा तो वैद्य, असेही पुढे बजावतात. सुश्रुताचार्यांनीही भूमिप्रविभागाच्या अध्यायात गोपाल, तापस, व्याध आणि कंदमुळे खाऊन राहणारे वनचर यांच्याकडून औषधींची माहिती घ्यावी असे सांगितले आहे.

आपण या उपदेशाचा उत्तरार्ध अभिमानाने सांगतो. योगज्ञ वैद्य श्रेष्ठ, हे आपल्याला रुचते. पूर्वार्ध मात्र आपण पाठांतरापुरता ठेवला. नामरूपज्ञान हे वैद्याला जन्मजात येत नसून ते दुसऱ्या कोणाकडून तरी शिकावे लागते, आणि शिकविणारा बहुधा पदवीधर नसतो, असा त्याचा सरळ अर्थ आहे. ज्या काळात वैद्य स्वतः रानात जाऊन मूळ खणीत असे, त्या काळातही आचार्यांना हे सांगणे आवश्यक वाटले. आज द्रव्य पोत्यातून चूर्णरूपाने येते, तेव्हा त्याची आवश्यकता कमी झाली की वाढली, याचा विचार वाचकांनीच करावा.

गुळवेलीचा धडा

हा प्रश्न एखाद्या खेड्यातील वैद्याच्या काढ्यापुरता नाही. कोविडच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा वापर वाढला. सन २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि पुढल्या वर्षी देशातील निरनिराळ्या केंद्रांतील अशाच ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला तो प्रामुख्याने ओळखीच्या मुद्द्यावर. सेवन केलेली वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे आपली गुडूची, हीच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, असा तो प्रश्न होता.

या वादात कोणाची बाजू खरी याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. गुळवेल सर्वथा निरुपद्रवी आहे असे म्हणून अशी निरीक्षणे झटकून टाकणे हेही आम्हांस वैद्यधर्माला धरून वाटत नाही. मुद्दा वेगळा आहे. 'ती वेल आमची नव्हेच' असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्याला आपली वेल ओळखता येते. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी उठून दिसतात, तिच्या फुलास बहुधा तीन पाकळ्या असतात आणि फळ लंबगोल असते. गुडूचीच्या फुलास सहा पाकळ्या आणि फळ गोल, पिकल्यावर लाल. टिनोस्पोरा सायनेन्सिस या तिसऱ्या वेलीच्या पानास खालून मऊ लव असते. हे सर्व पुस्तकात आहे. परंतु आपल्यापैकी किती जणांनी गुळवेलीचे फूल प्रत्यक्ष पाहिले आहे? ते इतके लहान व पिवळट असते की वेल वर्षभर दारी असल्याशिवाय ते दृष्टीसही पडत नाही.

येथेच परसबागेचा विषय येतो.

परसदार : एक विस्मृत पाठशाळा

कोकणातील जुन्या घराच्या मागील दारी काय काय असे ते आठवावे. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ, अळू आणि कर्दळ. मांडवावर पडवळ व दुधी. आळ्यात हळद आणि आले. कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी. सुपारीवर चढलेली मिरी व पानवेल. पुढील दारी तुळशीवृंदावन. या मांडणीत सौंदर्यदृष्टी होती तशीच उपयुक्तता होती. घरातील वृद्ध स्त्रिया हे सर्व सांभाळीत, आणि नातवंडांस खोकला झाला तर अडुळशाचे कोणते पान तोडावे हे त्यांना विचारावे लागत नसे. आज त्या जागी फरशी आली, मोटार उभी राहिली, आणि कुंपणावर शोभेची परदेशी झुडपे आली. ज्ञानाची ती साखळी एका पिढीत तुटली.

कुड्याच्या प्रकरणानंतर आम्ही चिकित्सालयामागील सुमारे तीन गुंठे जागा मोकळी केली आणि औषधी वनस्पतींची बाग लावण्याचे ठरविले. पदवीचा अहंकार तोवर पुरता गेला नव्हता. कोणासही न विचारता रोपे आणली आणि लावली. वेखंड लावले बांधावरील कोरड्या मुरमात, आणि शतावरी लावली जेथे पावसाचे पाणी साचते त्या खोलगट जागी. श्रावणाअखेर वेखंड करपले आणि शतावरीची मुळे कुजली. जांगल आणि आनूप देशांचे विवेचन परीक्षेत पानभर लिहिणाऱ्या आम्हांस, आपल्या तीन गुंठ्यांतच हे दोन्ही देश नांदत आहेत हे दिसले नाही!

रोह्याजवळ किल्ला येथे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे जाऊन आम्ही आमचे अज्ञान मोकळेपणाने मांडले. शास्त्रज्ञांनी प्रथम जमीन पाहिली, पाणी कोठून येते आणि कोठे जाते ते पाहिले, मग उपाय सांगितले. वेखंड दलदलीत, शतावरी उंच वरंब्यावर, हळदीस सरी-वरंबा, चंदनाचे रोप एकटे लावू नये, कारण त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांतून पोषण घेतात, म्हणून त्याच्याजवळ तुरीसारखे सोबतीचे झाड हवे, अशोकाचे बी ताजे असतानाच पेरावे, वाळवून ठेवल्यास उगवण जाते. यांतील एकही गोष्ट निघंटूत आम्ही वाचली नव्हती. आणि तरीही प्रत्येक गोष्ट ऐकताना ती द्रव्याच्या गुणकर्माशी कोठे तरी जुळते असे वाटत होते. जलात वाढणारे वेखंड उष्ण-तीक्ष्ण कसे आणि कोरड्या जागी सुखावणारी शतावरी शीत-स्निग्ध कशी, हा विचार आम्ही त्या दिवशी प्रथम केला. त्याचे उत्तर आम्हांस अद्याप मिळालेले नाही, परंतु असा प्रश्न बशीतील वाळक्या मुळाने आमच्या मनात कधी उत्पन्न केला नव्हता.

पाहण्याची विद्या

बाग लावल्यावर तिच्याकडे पाहावे लागते, आणि पाहणे हीही शिकण्याची विद्या आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यातील एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. सन १९३० च्या सुमारास, नोकरी गेल्यामुळे अलिबागजवळील किहीम येथे राहावयास आलेल्या सालिम अलींनी घराजवळच्या झाडांवरील सुगरण पक्ष्यांची वसाहत दिवसचे दिवस न्याहाळली. घरटे विणतो तो नर. मादी अर्धवट झालेले घरटे पाहून पसंत करते आणि मगच त्यात राहावयास येते. आणि एकच नर एकामागून एक अनेक घरटी विणून अनेक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांच्या निरीक्षणातून स्पष्ट झाले. आपल्या भाषेने त्या पक्ष्यास 'सुगरण' असे स्त्रीलिंगी नाव देऊन विणकामाचे सारे श्रेय मादीला दिले होते. पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनी ती घरटी पाहिली, पण नीट पाहिले एकाने. नाव ठाऊक असणे आणि वस्तू ठाऊक असणे यांतील अंतर किती असते याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस सापडलेले नाही.

आमच्या बागेतही असा एक धडा मिळाला. लिंबाच्या रोपावर ज्या अळ्या दिसत, त्याच पुढे बेलावर आणि कढीपत्त्यावर दिसू लागल्या. आम्ही कीटकनाशक फवारण्याच्या विचारात होतो. एका फुलपाखरांच्या अभ्यासकाने ते थांबविले आणि सांगितले की ही तिन्ही झाडे एकाच कुळातील आहेत व लिंबावरील फुलपाखरू अंडी घालताना ते कुळ अचूक ओळखते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेले नीलवंत हेही याच कुळातील झाडांवर वाढते. जे कुळ आम्ही पाठांतराने जाणत होतो ते फुलपाखरू पायांनी चाखून जाणते! शिवाय ज्या बेलाची पाने आपण औषधात वापरणार, त्यावर विष फवारावयाचे कशासाठी, हा साधा प्रश्नही त्या अभ्यासकाने विचारला. आम्ही निरुत्तर झालो.

वैद्य आणि वनस्पतिज्ञ : जुने नाते

आधुनिक वनस्पतिशास्त्रज्ञांकडे जाण्यात आपल्यापैकी काहींना कमीपणा वाटतो, असा आमचा अनुभव आहे. त्यांनी इतिहास पाहावा. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या हॉर्टस मलबारिकस या ग्रंथामागे इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे ज्ञान उभे आहे. आणि रंग भट, विनायक पंडित व अपू भट या तीन कोकणी भाषक पंडितांनी त्यास दिलेले नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. डच अधिकारी शिकणारा होता, वैद्य शिकविणारा. पुढे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बामनदास बसू यांच्यासह सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १९१८ साली, आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधिसंग्रह' १९२७ साली प्रसिद्ध झाला. आमच्या रोह्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते, ते चिंतामणराव देशमुख अर्थशास्त्रज्ञ म्हणून सर्वज्ञात आहेत. परंतु केंब्रिज येथे १९१७ साली त्यांनी वनस्पतिशास्त्रातील पारितोषिक मिळविले होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. आणि अलीकडच्या काळात मुंबईच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी एकीकडे आयुर्वेदीय द्रव्यांवर संशोधन केले आणि दुसरीकडे 'वृक्षगान', 'फुलवा' यांसारख्या पुस्तकांतून मराठी वाचकास झाडांकडे पाहावयास शिकविले. या सर्वांच्या ठायी झाड, औषध आणि ग्रंथ हे तीन वेगळे विषय नव्हते.

पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम येथे वनस्पतींचे वाळविलेले नमुने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहेत. संशय आल्यास फुलाफळांसह नमुना घेऊन अशा ठिकाणी जाणे, हे रुग्णाचे रक्त तपासावयास पाठविण्याइतकेच स्वाभाविक झाले पाहिजे.

औषधनिर्मात्यांस दोन शब्द

आमच्या वाचकांत औषधनिर्मिती करणारे आणि औषधालये चालविणारे बंधू-भगिनी मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा एक आक्षेप आम्ही अगोदरच मांडतो. तीन गुंठ्यांच्या बागेने एका औषधशाळेची एका दिवसाचीही गरज भागणार नाही, असे ते म्हणतील. ते सर्वस्वी खरे आहे. परसबाग हे आमच्या मते कोठार नव्हे, ती शाळा आहे. तेथे उगवलेले प्रत्येक झाड हे पोत्यातून येणाऱ्या मालाशी पडताळून पाहण्याचा जिवंत नमुना असतो.

असा नमुना नसला म्हणजे काय होते ते आपण जाणतो. अशोकाच्या नावाने आसुपालवाची साल येते. आसुपालवालाच 'अशोक' म्हणण्याची रीत शहरांत रुजल्याने विकणाऱ्यासही आपण फसवीत आहोत असे वाटत नाही. आणि खऱ्या अशोकाचे झाड रानातून विरळ होत चालले आहे. ब्राह्मी म्हणून कोकणात मंडूकपर्णी दिली जाते. पुनर्नव्यात घेटुळी आणि खापरा यांची सरमिसळ होते. तांबड्या नागकेशराच्या नावाखाली सुरंगीच्या कळ्या विकल्या जातात. शंखपुष्पी म्हणून कोठे गोकर्ण, कोठे विष्णुक्रांता येते. यांतील प्रत्येक प्रकार लबाडीचाच असतो असे नाही. प्रांताप्रांतांत एकाच नावाने भिन्न वनस्पती चालत आल्या आहेत, आणि काही प्रतिनिधी द्रव्ये शास्त्रसंमतही आहेत. परंतु प्रतिनिधी द्रव्य जाणून वापरणे वेगळे आणि न जाणता वापरणे वेगळे. पहिल्यास युक्ती म्हणतात, दुसऱ्यास अज्ञान.

कुड्यापुरते सांगावयाचे तर भेद कठीण नाहीत. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा प्रारंभापासून एकमेकींपासून सुट्या असतात, काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखा भाग असतो, पांढऱ्याच्या फुलात तो नसतो. काळ्या कुड्याच्या पानांतून निळा रंग निघतो. एकाचे इंद्रजव कडू, दुसऱ्याचे गोड. हे ज्ञान मिळविण्यास खर्च येत नाही. दोन्ही झाडे वर्षभर नजरेसमोर असावी लागतात, एवढेच. वाळलेल्या सालीच्या पोत्यात मात्र यांतील एकही खूण शिल्लक राहत नाही. उरते ती फक्त चव, आणि ती चाखणारी जीभ जागी असावी लागते.

सावधगिरी

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. परसबागेचा प्रसार म्हणजे स्वयंचिकित्सेचा प्रसार नव्हे. श्रावणात आमच्या कुंपणांवर कळलावी फुलते. तिची लाल-पिवळी फुले पाहून अनेक जण ती कुंडीत लावतात. तिचा कंद तीव्र विषारी असून खाण्याच्या कंदाशी गल्लत झाल्याने दगावलेल्यांची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून वनस्पतीचे नाव मिळविण्याची सोयही आज उपलब्ध आहे. प्राथमिक जिज्ञासेस ती उपयुक्त आहे, परंतु तेवढ्यावर विसंबून औषध देणे हे केवळ नामज्ञानावर विसंबणे होय. ज्याच्या दारी बाग आहे त्या वैद्याकडे लोक रोपे मागावयास येतात. रोप देताना त्याचे नाव, उपयोग आणि निषेध या तिन्ही गोष्टी सांगाव्यात, आणि विषारी वनस्पती देऊ नयेत.

संघटनेपुढील सूचना

केवळ उपदेश करून थांबणे उचित नव्हे. म्हणून काही व्यवहार्य सूचना आम्ही संघटनेच्या विचारार्थ ठेवीत आहोत.

पहिली, प्रत्येक तालुक्यात ऋतुपरत्वे वर्षातून किमान तीन वनस्पतिपरिचय बैठका व्हाव्यात. कल्पस्थानात मूळ, साल, पान, फूल यांच्या संग्रहाचे जे भिन्न काळ सांगितले आहेत, त्यांस अनुसरून त्या ठेवल्यास शास्त्र आणि प्रत्यक्ष यांची सांगड आपोआप बसेल. या बैठका सभागृहात न होता कोणाच्या तरी परसात किंवा रानवाटेवर व्हाव्यात.

दुसरी, तेथे शिकविणारे तिघे असावेत: वनस्पतिशास्त्राचा अध्यापक, कृषिशास्त्रज्ञ, आणि त्या परिसरातील कातकरी, ठाकर वा धनगर समाजातील जाणकार. तिघांनाही समान मानधन आणि समान आसन द्यावे. कातकरी हे नावच कात पाडण्याच्या व्यवसायावरून आले आहे. आपल्या खदिराचे शास्त्र ज्यांच्या हातांतून आले, त्यांना आपण दाराबाहेर भाजी विकावयास बसवितो, याचा आपण विचार करावयास हवा. जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने आपल्या व्यवसायास काही सवलती मिळाल्या आहेत. कायद्याने सूट दिली म्हणून नैतिक ऋण फिटत नाही.

तिसरी, ज्यांना जागा आहे त्या प्रत्येक वैद्याने आपल्या नित्य वापरातील किमान दहा वनस्पती दारी लावाव्यात आणि एक नोंदवही ठेवावी: पालवी केव्हा, फूल केव्हा, फळ केव्हा, कोणता कीटक आला. नगरवासी वैद्यांनी कुंडीत तुळस, अडुळसा, गुळवेल, मंडूकपर्णी एवढी तरी ठेवावीत. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या रूपाने दाखवून दिले की सामान्य बागाईतदारांनी आपापले प्रयोग नोंदवून एकमेकांस सांगितले तर त्यातून विद्यापीठासारखे ज्ञान उभे राहते. वैद्यांचा असा परिवार का होऊ नये?

चौथी, औषधनिर्मात्यांनी मालाच्या प्रत्येक खेपेचा नमुना जपून ठेवावाच, परंतु पुरवठादाराकडून वर्षातून एकदा फुलाफळांसह वाळविलेली फांदीही मागावी. प्रामाणिक व्यापारी ती आनंदाने देईल.

वेळ नाही, अशी तक्रार आम्हांस ऐकू येईलच. आम्हीही ती अनेक वर्षे करीत होतो. सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडण्यापूर्वीची वीस मिनिटे आता आम्ही बागेत घालवितो. त्या वीस मिनिटांत जे शिकतो ते पूर्वी वर्षभरात शिकत नव्हतो.

पौषात आमच्याकडे पोपटीचा हंगाम असतो. वालाच्या शेंगा मडक्यात भरताना भांबुर्ड्याचा पाला का घालतात, असे आम्ही त्या कातकरी बाईंना एकदा विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "डाक्टर, तुम्ही शिकल्याले ना? मंग तुम्हीच सांगा." वासासाठी, असे उत्तर आम्ही दिले. "आनि पचाया," त्यांनी भर घातली. वाल गुरू व वातकर, हे आम्ही जाणत होतो. त्याचे परिहारद्रव्य दरवर्षी शेकोटीवरल्या त्याच मडक्यात आमच्या नाकाखाली शिजत होते, हे जाणत नव्हतो. भांबुर्डा आता आमच्या बागेच्या एका कोपऱ्यात आहे. त्याला तण म्हणून उपटावयास आलेल्या माळ्यास आम्ही परत पाठविले.

यंदाच्या पावसात कुटजाचा काढा करताना साल आमच्या झाडाशी ताडून आणि जिभेवर ठेवून मगच घेतली. रुग्णांस उपशय मिळत आहे. हे श्रेय आमचे नाही.

इत्यलम्.